इंजिन बदललेली गाडी अडते तेव्हा: दोष कुठे आणि कसा शोधावा

घरच्या शेडमध्ये जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवण्याचे काम हाती घेतले की ते कुठे ना कुठे अडतेच, आणि त्या अडचणीने खचून न जाता तिचा माग कसा काढावा हे आधीच ठाऊक असले तर काम अर्ध्यावर सोडण्याची वेळ येत नाही. उदाहरणादाखल आपण मारुतीची कार्ब्युरेटरवर चालणारी जिप्सी किंग घेऊ आणि तिच्यात त्याच १२९८ सीसी क्षमतेचे, पण एमपीएफआय पद्धतीचे, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारे, इंजिन बसवायचे आहे असे समजू. क्षमता तीच, कंपनी तीच, म्हणून हे काम कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात इंधन, वायरिंग आणि अर्थिंग या तिन्ही ठिकाणी ते अडण्याची पुरेपूर शक्यता असते.

गाडी सुरू झाली नाही की पहिला संशय इंजिनावर जातो आणि हेड उघडण्याची घाई होते. ती घाई टाळावी. इंजिन काढण्यापूर्वी ते मूळ गाडीत चालवून पाहिलेले असेल आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून ठेवलेले असेल, तर इंजिन ठीक आहे. आपली गाडीही जुन्या इंजिनावर धावत होती, म्हणजे गाडीही ठीक आहे. दोष उरतो तो या दोघांच्या सांध्यावर: बेल हाउसिंग (इंजिनाला जोडणारे गिअरबॉक्सचे कवच), माउंटिंग, वायरिंगचे जोड, इंधनाच्या नळ्या, पाण्याचे होज, क्लचची केबल. शोधाची सुरुवात तिथूनच करावी. एका वहीत लक्षण नेमक्या शब्दांत लिहावे, गाडी थंड असताना की गरम असताना ते दिसते हे नोंदवावे, त्याआधी शेवटचा बदल कोणता केला होता तेही लिहावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलून गाडी सुरू झाली तर दोष कुठे होता हे कळत नाही आणि तो पुन्हा उद्भवतो. मोजमाप घेतल्याशिवाय नवा सुटा भाग विकत आणू नये, हा नियम मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण अशा कामात सर्वाधिक पैसा अंदाजाने आणलेल्या सेन्सरवर आणि पंपांवर वाया जातो.

कागदपत्रांचा विषय थोडक्यात, पण आधीच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आहे. म्हणून इंजिन विकत घेण्यापूर्वीच आपल्या तालुक्याच्या वाहतूक खात्याच्या कार्यालयात जाऊन नेमके कोणते इंजिन चालेल ते विचारावे, लेखी परवानगी घ्यावी, इंजिनाच्या खरेदीची पावती व मूळ गाडीच्या कागदांची प्रत जपून ठेवावी आणि नवा इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर तसेच विमा पॉलिसीवर चढवून घ्यावा. परवानगी मिळत नसेल तर काम तिथेच थांबवावे, कारण ही अडचण पान्याने सुटत नाही.

सेल्फ मंद फिरतो किंवा फिरतच नाही

बॅटरी चार्ज असूनही सेल्फ कण्हत फिरत असेल, तर आधी अर्थिंग तपासावे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते आणि रबरातून वीज जात नाही, त्यामुळे इंजिन आणि चासी यांना जोडणारी जाड अर्थ पट्टी लावायची राहून गेली तर सेल्फचा सगळा प्रवाह मिळेल त्या वाटेने परत जाऊ पाहतो. बहुधा ती वाट ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलची असते. सेल्फ दोनतीनदा मारल्यावर केबलला हात लावला तर ती गरम लागते, तिचे प्लॅस्टिकचे आवरण मऊ पडते आणि जळका वास येतो. हे लक्षण दिसले की सेल्फ पुन्हा मारू नये.

मल्टिमीटरने खात्री करून घेता येते. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा, एक टोक इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच टेकवावे. टर्मिनलच्या क्लॅम्पवर टेकवू नये, कारण दोष क्लॅम्प आणि खांब यांच्यामध्येही असू शकतो. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा पाहावा. तो साधारण ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग चांगले आहे. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर नक्कीच बिघाड आहे. त्याच रीतीने बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंतही मोजावे. आपल्या गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत अर्थचा बोल्ट वरून घट्ट दिसला तरी त्याच्याखाली रंग आणि गंज यांचा थर असतो. तो पांढरा धातू दिसेपर्यंत घासून काढावा, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळावा आणि ग्रीस शेवटी, वरून लावावे.

सेल्फ फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही

इथे तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात: स्पार्क, इंधनाचा दाब आणि ईसीयूला (इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाला) मिळणारा वीजपुरवठा. माझ्या मते तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करावी, कारण ती तपासायला अगदी सोपी आहे आणि तिच्यात बिघाड असला तर पहिल्या दोन्ही आपोआप बंद पडतात.

कार्ब्युरेटरच्या गाडीत ईसीयू नसतो, त्यामुळे त्याच्यासाठी चावीच्या स्विचवरून कुठली तरी वायर घ्यावी लागते. अनेकदा चावी ऑन केल्यावर जिच्यात वीज आली ती पहिली वायर घेतली जाते. परंतु चावीच्या स्विचमधल्या काही वायरींची वीज सेल्फ मारताना मुद्दाम तोडली जाते, म्हणजे बॅटरीची सगळी ताकद सेल्फला मिळावी. अशी वायर ईसीयूला जोडली असेल तर नेमके सेल्फ फिरत असताना ईसीयू झोपतो. याची खूण अशी की सेल्फ कितीही मारला तरी इंजिन उठत नाही, पण चावी सोडताक्षणी एखादा ठसका देते. टेस्ट लॅम्प त्या वायरवर धरावा. चावी ऑन असताना पेटणारा दिवा सेल्फ मारताच विझला तर दोष सापडला. दोन्ही स्थितींत जिवंत राहणारी वायर शोधून तिच्यावर रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवावा आणि ईसीयूचा मुख्य पुरवठा थेट बॅटरीवरून, फ्यूज घालून, त्या रिलेमार्फत द्यावा. इंधन पंपालाही वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज हवा, आणि त्या रिलेची सूत्रे ईसीयूकडेच ठेवावीत. पंप थेट चावीवर जोडला तर अपघातात इंजिन बंद पडल्यावरही तो पेट्रोल ओतत राहतो.

पुरवठा ठीक असेल तर इंधनाकडे वळावे. कार्ब्युरेटरचा यांत्रिक पंप जेमतेम ०.२ ते ०.३ बार दाब देतो, तर एमपीएफआय इंजिनाला साधारण अडीच ते तीन बार दाब लागतो, म्हणजे जवळपास दहापट. जुना पंप तर चालत नाहीच, पण जुन्या रबरी नळ्या आणि साधे क्लिपही चालत नाहीत. इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेलीच नळी घ्यावी. फ्युएल रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) रिटर्नचे तोंड असेल तर परतीची नळी टाकीपर्यंत न्यावी. दाब अंदाजाने ठरवू नये, गेज लावून पाहावा. सुरुवातीला दाब बरोबर येऊन थोड्याच वेळात पडत असेल, तर पंपाला दोष देण्याआधी टाकी उघडून पाहावी: बरीच वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत आतून गंज धरतो आणि त्याची तांबूस पूड नव्या फिल्टरलाही लवकर बुजवते. हे काम मोकळ्या हवेत करावे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी आणि अग्निशामक हाताशी असावा. पेट्रोलच्या वाफा जमिनीलगत साचतात आणि लांबच्या ठिणगीनेही पेटतात.

गाडी एकदोन सेकंद चालून दर वेळी त्याच क्षणी बंद पडत असेल, तर इमोबिलायझरचा, म्हणजे खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेचा, संशय घ्यावा. ज्या इंजिनाचा ईसीयू मूळ गाडीच्या चावीशी बांधलेला असतो, ते घेताना ईसीयूबरोबर चावी, तिच्या भोवतीची रिंग आणि शक्यतो संपूर्ण वायरिंग हार्नेस मागून घ्यावा. कापलेला हार्नेस स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

वायरींच्या जोडांबद्दल एक आग्रह धरतो. नुसती पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात महिनोन्‌महिने टिकतो आणि जूनमध्ये पाऊस लागला की टेपचा गोंद सुटून आत ओल शिरते. मग तांब्यावर हिरवट थर चढतो आणि गाडी कधी चालते, कधी चालत नाही. असा दोष शोधणे फार जिकिरीचे असते. प्रत्येक जोड क्रिंप किंवा सोल्डर करावा, त्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवावी आणि ईसीयू गाडीच्या आत, फरशीपासून उंचावर बसवावा.

गिअरबॉक्स जुळत नाही, क्लच सुटत नाही

बेल हाउसिंग आणि इंजिन यांच्यामध्ये बोटभर फट राहिली की बोल्ट आवळून ती मिटवण्याचा मोह होतो. तसे कदापि करू नये. गिअरबॉक्स सरळ रेषेत असेल तर तो हाताच्या जोराने पूर्ण बसतो. बसत नसेल तर क्लच प्लेट मध्यावर नाही, पायलट बेअरिंगचे माप वेगळे आहे किंवा जुळणीच्या पिना जागेवर नाहीत. बोल्टने ओढल्यास बेल हाउसिंगचा कान तुटतो किंवा क्लच प्लेट वाकते, आणि मग क्लच दाबूनही गिअर कर्रकर्र वाजत पडतो.

जोडणी नीट होऊनही क्लच सुटत नसेल तर प्लेट उलटी बसलेली नाही ना, प्रेशर प्लेटची उंची जुन्याइतकीच आहे ना आणि रिलीज बेअरिंगला पुरेशी चाल मिळते ना, हे पाहावे. फ्लायव्हील, प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग हे चारही भाग बाहेर टेबलावर एकमेकांशेजारी ठेवून मापे घेण्याचे काम गिअरबॉक्स चढवण्यापूर्वीच करावे. इंजिन चेन ब्लॉकला टांगलेले असताना त्याच्याखाली कोणीही जाऊ नये, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली टेकूच्या घोड्या लावल्याशिवाय शिरू नये.

सांप (इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे) पुढच्या ॲक्सलला किंवा आडव्या मेंबरला अडत असेल तर काही जण तो कापून वेल्डिंग करतात. हे करायचेच झाल्यास आतल्या ऑइल स्ट्रेनरचे (ऑइल ओढणाऱ्या जाळीचे) तळापासूनचे अंतर मूळ अंतराइतकेच, साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर राहील याची खात्री करावी. स्ट्रेनर तळाला टेकला तर ऑइल ओढले जात नाही, फार वर राहिला तर चढावर हवा ओढतो. दोन्हींत बेअरिंगे जातात. पहिल्यांदा स्टार्ट करण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून, इंजेक्टर आणि इग्निशनचे कनेक्शन सोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत सेल्फ मारावा.

काम मध्येच थांबते तेव्हा

लेथवाल्याकडे अडकलेला ब्रॅकेट, न मिळणारा होज किंवा चवथीच्या दिवसांत बंद असलेली गॅरेजेस, यांमुळे काम आठवडेच्या आठवडे थांबते. पावसाळ्यात उघडे इंजिन तसेच ठेवले तर सिलिंडरच्या भिंतींवर गंज चढायला फार वेळ लागत नाही. प्रत्येक प्लगच्या भोकातून थोडे इंजिन ऑइल सोडावे, क्रँक हाताने दोन फेरे फिरवावा, प्लग परत लावावेत, इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे झाकणाने किंवा टेपने बंद करावीत आणि दर आठवड्याला क्रँक थोडा फिरवावा. तोंडात चिंधी कोंबायची असेल तर ती बाहेर लोंबती ठेवावी, म्हणजे ती आत विसरली जात नाही. सुटलेले बोल्ट भागागणिक पिशव्यांत घालून वर नाव लिहावे.

गाडी चालते, पण गरम होते

पणजीपासून मडगावपर्यंत काटा मध्यावर राहिला म्हणून कूलिंग ठीक आहे असे मानू नये. खरी परीक्षा अनमोडच्या किंवा चोर्लाच्या घाटात होते. गाडी नेमकी केव्हा तापते यावरून दोषाची दिशा कळते. उभी असताना किंवा म्हापशाच्या बाजाराच्या गर्दीत तापत असेल आणि वेग घेताच थंड होत असेल, तर हवा कमी पडते आहे: पंख्याची वायर उलटी जोडल्यामुळे तो उलटा फिरतो का, हे रेडिएटरवर कागद धरून पाहावे. वेगात किंवा चढावर तापत असेल तर पाण्याचा प्रवाह किंवा रेडिएटरची क्षमता अपुरी आहे, होज आतून चपटा होतो आहे किंवा इग्निशनचे टायमिंग चुकले आहे. काटा एकाएकी वरखाली होत असेल आणि हीटरच्या नळ्या थंड असतील, तर बहुधा आत हवा अडकली आहे. गाडीचे नाक चढावर ठेवून, थंड इंजिनात, कॅप उघडी ठेवून कूलंट सावकाश भरावे. एवढे करूनही बुडबुडे सतत येत राहिले तर मात्र हेड गॅस्केट तपासावे. गरम रेडिएटरची कॅप उघडू नये.

घाटाच्या पहिल्या चढाईला एकट्याने जाऊ नये, पाणी व हत्यारे बरोबर न्यावीत आणि काटा नेहमीच्या जागेवरून सरकताच गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी. परत आल्यावर, इंजिन थंड झाल्यानंतर, माउंटिंगचे आणि बेल हाउसिंगचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, प्रोपेलर शाफ्टच्या जोडांतून ग्रीस उडाले आहे का ते पाहावे आणि गाडीखाली रात्रभर पुठ्ठा अंथरून ठेवावा. सकाळी त्यावरचा डाग ऑइलचा आहे, कूलंटचा आहे की गिअर ऑइलचा, आणि तो कुठल्या भागाखाली पडला आहे, यावरून पुढचे काम ठरवावे.