ईकोची (म्हणजे अर्थशास्त्राची) ट्यूशन शोधायला निघायच्या आधी

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी शेवटी उघडतात आणि त्याच आठवड्यात नागपुरात धरमपेठेपासून नंदनवनपर्यंत खांबाखांबावर कॉमर्सच्या बॅचचे बोर्ड दिसायला लागतात, तर ते बोर्ड बघून गाडी काढायच्या आधी घरी बसून थोडं काम करून घ्या. मागच्या वर्षी आम्ही ते केलं नाही. अकाउंट्सची फी भरा, ईको त्यातच, असं एका क्लासवाल्यानं सांगितलं आणि आम्ही खूश, आणि मग ईको सुरू झालं डायरेक्ट जानेवारीत, तेही झेरॉक्स नोट्स वाटून. फुकटातलं फुकटासारखंच मिळते, दुसरं काय.

तर पहिले पाठ्यपुस्तक काढा आणि बोर्ड कोणता, वर्ग कोणता ते एका कागदावर लिहा. हसू नका, इथंच घोळ होतो. स्टेट बोर्डाच्या बारावीत उपयोगिता विश्लेषण, मागणी, लवचिकता, पुरवठा, बाजाराचे प्रकार हे सगळं आहे आणि पुढे निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक वित्त, नाणे बाजार आणि भांडवल बाजार, विदेशी व्यापार हेही त्याच पुस्तकात, ८० मार्कांचा पेपर आणि २० अंतर्गत. सीबीएसईत मागणी-पुरवठा अकरावीतच येतो, सोबत स्टॅटिस्टिक्स असते, आणि बारावीला अर्धा पेपर मॅक्रोचा, म्हणजे पूर्ण अर्थव्यवस्थेच्या सिद्धांताचा, आणि अर्धा भारतीय अर्थव्यवस्थेचा, ४०-४०. म्हणजे स्टेटच्या बारावीला वर्षानुवर्षं शिकवणारे चांगले सर सीबीएसईच्या पोराला दुसऱ्या महिन्यात कमी पडू शकतात, त्यात त्यांचा दोष नाही, आपण विचारलं नाही हा दोष. आणि सीबीएसईच्या दहावीसाठी कोणी वेगळी ईकोची ट्यूशन लावत असेल तर थांबा बाप्पा, तिथं तो सोशल सायन्सचा एक भाग आहे, सोशल सायन्सवाले सर पुरतात.

मग मागचे दोन पेपर काढा, तपासलेले, लाल पेनचे. आमच्या पोरीला मी रोज विचारायचे काय येत नाही, ती म्हणायची सगळंच येत नाही. पेपर उघडून बसलो तर योग्य पर्याय, विसंगत शब्द यात मार्क बरे होते, सगळे गेले होते फरक स्पष्ट करा मध्ये आणि सहमत आहात का सकारण लिहा मध्ये, तिथं ती सहमत लिहून खाली प्रश्नच परत लिहून आली होती. म्हणजे तिला धडा शिकवणारा नको, उत्तर लिहून घेणारा आणि तपासून देणारा पाहिजे. हे कळायला दहा मिनिटं लागली. मिडीयमही लिहून ठेवा, पेपर इंग्रजीत लिहायचा आणि सर शिकवणार सीमांत उपयोगिता म्हणून, तर पोरगं मार्जिनल युटिलिटी दिसली की अडखळते.

कुठं शोधायचं? पालकांना कमी विचारा, मागच्या वर्षी बारावी झालेल्या पोरांना जास्त विचारा, ती खरं बोलतात. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याला विचारा, कोणाच्या नोट्स जास्त निघतात ते त्याला सगळं ठाऊक असते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका पण बोर्ड-वर्ग-मिडीयम लिहून टाका, नाहीतर गणिताचे, सायन्सचे सगळेच नंबर येतात. एम.ए. करणारी पोरं-पोरीही चांगली शिकवतात, वेळ देतात, फक्त त्यांची स्वतःची परीक्षा कधी आहे ते आधीच विचारून घ्या. धाकटा सातवी-आठवीत असेल तर त्याच्या शाळेच्या मॅडमला घरी येता का विचारायला जाऊ नका, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २८ आहे, शिक्षकांना खाजगी शिकवणी घेता येत नाही, उगाच त्यांची पंचाईत.

आता डेमो. डेमोला पोरगं पाहिजेच आणि एक प्रश्न तुमच्या खिशात पाहिजे. मी हा विचारते: आंबिया बहाराची संत्री बाजारात आली, भाव पडला, लोकांनी जास्त घेतली, तर मागणी वाढली का? एक सर म्हणाले, वाढली ना मॅडम, आणि मागणीचा वक्र उचलून उजवीकडे काढला. चूक. फक्त किंमत बदलली तर तो मागणीचा विस्तार, वक्र तोच राहते आणि आपण त्याच रेषेवर खाली सरकतो. भाव तोच असून लोकांचं उत्पन्न किंवा आवड बदलल्यानं खरेदी वाढली तर ती वृद्धी, तेव्हा वक्र सरकतो. दुसऱ्या मॅडम आल्या त्यांनी उत्तर दिलंच नाही, पेन्सिल पोरीच्या हातात दिली आणि म्हणाल्या तू काढ. तिनं किंमत उभ्याऐवजी आडव्या अक्षावर घेतली. मॅडमनी खोडलं नाही, पुढचं विचारत गेल्या, मग संत्री ४० ची ५० रुपये किलो झाली आणि खप १० वरून ८ किलोवर आला हे करायला लावलं, भाव २५ टक्के वाढला, खप २० टक्के घटला, म्हणजे लवचिकता ०.८, एकापेक्षा कमी, कमी लवचीक. तेवढ्यात पोरीनंच अक्षाची चूक पकडली. मॅडम तिथंच फायनल झाल्या, चहा नंतर झाला.

फीचं बोलताना महिन्याची की वर्षाची, एकट्याची की चार पोरांची, सुट्ट्या झाल्या तर भरून देणार का, मध्येच सोडलं तर किती परत, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको. पूर्ण वर्षाची एकदम भरू नका, कितीही सूट देऊन राहिले तरी. केंद्राच्या २०२४ च्या कोचिंगच्या गाइडलाइन्समध्ये उरलेल्या काळाची फी परत करा असं आहे पण त्या ५० पेक्षा जास्त पोरं असलेल्या सेंटरसाठी, घरी येणाऱ्या मॅडमशी तुमचं तुम्हालाच ठरवायचं आहे.

वेळ ठरवताना कॅलेंडर समोर ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, त्या दिवशी महाल-इतवारीत क्लास असला काय आणि नसला काय. ट्यूशन दूर असेल तर मेट्रो स्टेशनपासून चालत किती ते पोरासोबत एकदा चालून बघा, रात्री आठच्या हिशोबानं. सार्वजनिक वित्त दिवाळीच्या आत होणार का ते विचारा, आमच्या मॅडम हो म्हणाल्यात, बघू. आणि दप्तरात ग्राफ पेपर, स्केल, दोन पेन्सिली. आमची पोरगी अजून पेनानंच वक्र काढते.