चार द्रोण दुप्पट उंचीवरून

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. मी कराडला घरीच शिकवण्या घेते. जूनमध्ये पहिल्या दिवशी एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात वहीचा सुटा कागद धरून विचारते, आधी काय पडेल? पुढच्या रांगेतली पाठांतरवाली म्हणतात, "बाई, दोन्ही एकदम." मी सोडते. नारळ पोत्यावर धप्पकन आदळतो आणि कागद डुलत डुलत कपाटाखाली जातो. मागे बसलेला, ज्याला कुणी काही विचारत नाही, तो हसतो. त्याचं म्हणणं खरं ठरलेलं असतं.

म्हणून घरी मुलांना हे दाखवणार असाल तर "जड वस्तू आधी पडते हे चूक" असं आधीच सांगून टाकू नका. हवेत ते बऱ्याचदा बरोबरच असतं. किती आधी पडते, हे मोजता येतं, आणि त्यासाठी लागतात फक्त कागदी द्रोण.

त्याआधी पाच मिनिटांचं काम. नारळ आणि लिंबू डोक्याएवढ्या उंचीवरून एकदम सोडा. खाली दुमडलेलं पोतं ठेवा, नाहीतर फरशीची भरपाई माझ्याकडे मागाल. डोळे मिटून ऐका. एकच आवाज येतो. वजनात दहापट-वीसपट फरक असूनही. नारळाला पृथ्वी जास्त जोराने ओढते हे खरं, पण त्याला हलवायलाही तितकाच जास्त जोर लागतो, त्यामुळे हिशेब फिटतो. दोघांचाही वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वाढत जातो. मग तोच कपाटाखालचा कागद काढा, घट्ट चुरगाळून गोळा करा आणि लिंबाबरोबर सोडा. आता जवळजवळ बरोबरीने पडतो. वजन तेच, फक्त हवेला आडवं जाणारं अंग कमी झालं. मुलांना हवा इथे पहिल्यांदा 'दिसते'.

आता द्रोण. पत्रावळीच्या दुकानातून साध्या पातळ कागदाचे, सपाट बुडाचे घ्या. चंदेरी मुलाम्याचे जड असतात, फार भरभर पडतात. पळसाच्या पानांचे मला स्वतःला आवडतात, पण टाचणीच्या बाजूला झुकतात आणि भेलकांडत खाली येतात. एका गठ्ठ्यातले, एका मापाचे पाच निवडा. त्यातले चार एकात एक बसवून चवड करा. पाचवा एकटा.

सोडण्यापूर्वी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. चवडीचं वजन चौपट. ती किती पट वेगाने पडेल? आमच्याकडे बहुतेक सगळे "चौपट" लिहितात. एकदा एकीने "तेवढीच, नारळासारखी" लिहिलं होतं. तोंडी विचारलं की हुशार मुलाचं उत्तर सगळे उचलतात, म्हणून लिहूनच घ्यायचं.

जागा जिन्याची. पहिल्या वर्षी मी हा प्रयोग गच्चीवरून केला आणि चारही द्रोण शेजारच्या वाळवणात जाऊन बसले. कुरडयांवर. तेव्हापासून जिना, खिडक्या बंद, पंखा बंद. कठड्यावरून सुतळी सोडायची, खालच्या टोकाला कुलूप बांधायचं म्हणजे ती ताठ राहते. जमिनीपासून २ मीटरवर एक गाठ आणि ४ मीटरवर दुसरी. वरच्या गाठीपाशी मोठ्या माणसाने उभं राहायचं, मुलांना कठड्यावरून वाकू द्यायचं नाही. खालच्या गाठीपाशी एक मुलगा पायरीवर किंवा स्टुलावर.

एकटा द्रोण २ मीटरवरून, चारची चवड ४ मीटरवरून. तोंड वर, बूड खाली. कडेला धरू नका, धरलेली कड सुटताना झटका बसतो; बुडाखाली तळहात ठेवून हात सरळ खाली झटकन काढा. "एक दोन तीन" म्हणून चालत नाही, अर्धे लोक तीनला सोडतात आणि अर्धे तीननंतर. तिसऱ्या कुणीतरी फक्त "सोड" म्हणायचं.

दोन्ही जवळजवळ एकदम टेकतात. दुप्पट अंतर, साधारण तेवढ्याच वेळात. म्हणजे वजन चौपट झालं की वेग दुप्पट झाला. चौपट नाही, आणि नारळ-लिंबासारखा सारखाही नाही.

असं का, हे द्रोणाच्या बाजूने विचार केला तर कळतं. सुटल्या सुटल्या तो वेग घेतो, पण वेग वाढला की समोरची हवाही जोर लावते. काही क्षणांतच हवेचा वर लोटणारा जोर वजनाइतका होतो आणि तिथून पुढे वेग वाढतच नाही. यालाच टर्मिनल वेग म्हणतात. आता वेग दुप्पट करून बघा. एका सेकंदात दुप्पट हवा वाटेत येते, आणि तिला धक्काही दुप्पट वेगाने बसतो. दोन दुणे चार. म्हणून चौपट वजन पेलायला हवेला दुप्पट वेग पुरतो. हे मी फळ्यावर सूत्र न लिहिता, हाताने हवा ढकलून दाखवते. सूत्र दुसऱ्या दिवशी.

चवड मात्र नेहमी किंचित मागे राहते. मोबाइलवर चित्रण करून एकेक फ्रेम पुढे सरकवली तर माझ्याकडे तीन-चार फ्रेमचा फरक येतो. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर सेकंदाचा दहावा भाग. हा प्रयोगाचा दोष समजू नका. चवडीला जास्त वेगापर्यंत पोहोचायचं असतं, त्यासाठी थोडा जास्त वेळ जातो, एवढंच. स्टॉपवॉचने मोजायला जाल तर बोट दाबण्यातच याहून जास्त वेळ जातो.

हवा काढूनच टाकली तर काय, हे कुणीतरी विचारतंच. १९७१ च्या ऑगस्टमध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर एका हातातून हातोडी आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस सोडलं. दोन्ही एकदम पडली. चित्रफीत उपलब्ध आहे, जरूर दाखवा, पण द्रोणांनंतर. उलट बाजूही सांगा: दोन किलोमीटरवरच्या ढगातून पाऊस हवेविना पडला असता तर थेंब ताशी ७०० किलोमीटरच्या वेगाने टाळूवर आला असता. हवेमुळे मोठ्यातला मोठा थेंबही ताशी तीसेक किलोमीटरवर अडतो. आणि रुईची म्हातारी तर इतकी हलकी आणि इतकी पिंजारलेली की पोरं तिच्यामागे धावतात तरी ती जमिनीवर यायचं नाव घेत नाही.

गेल्या वर्षी हसणाऱ्या त्या मागच्या बाकावरच्यानेच विचारलं, "बाई, नऊची चवड कुठून सोडायची?" मी त्यालाच हिशेब करायला लावला. तिप्पट वेग, म्हणजे तिप्पट उंची, ६ मीटर. आमचा जिना तेवढा उंच नाही. त्याने एकटा द्रोण सव्वा मीटरवर आणला आणि नऊची चवड पावणेचार मीटरवर नेली.