सी-इको पास, तरी सीटी येईना: ऑर्थँकवरचा उपाय

बडोद्यात मांजलपूरच्या सेंटरचे सीटी अलकापुरीत वाचायचे होते, मध्ये ऑर्थँक (स्कॅनच्या इमेज घेऊन साठवणारा आणि पुढे पाठवणारा सर्व्हर). सी-इको (दोन यंत्रणांचा संपर्क होतो का, ही चाचणी) ठीक, क्वेरीत पेशंटची यादीही दिसायची. सी-मूव्ह (इमेज पाठवा, ही मागणी) दिला की एरर ए८०१. म्हणजे इमेज कुठे पाठवायच्या तेच समोरच्या पॅक्सला (सेंटरच्या इमेज साठवणाऱ्या सर्व्हरला) ठाऊक नाही.

सी-मूव्हमध्ये इमेज त्याच कनेक्शनवरून परत येत नाहीत; पॅक्स स्वतः नवं कनेक्शन उघडून त्या ढकलतं. इको पास झाला म्हणून खूश व्हायचं कारण नाही, तो उलट्या दिशेचा असतो. आपल्या ऑर्थँकचं एई टायटल (इमेजच्या नेटवर्कवरचं त्याचं नाव), आयपी आणि पोर्ट ४२४२ तिकडे नोंदवून घेतलं. इकडच्या फायरवॉलमध्ये ते पोर्ट फक्त व्हीपीएनच्या आयपीसाठी उघडलं. एई टायटल जास्तीत जास्त १६ अक्षरं. कॅपिटल-स्मॉल तंतोतंत जुळवा.

दुसरी गोम जास्त त्रासदायक. ५१२ × ५१२ ची एक स्लाइस (सीटीचा एक काप) साधारण अर्धा एमबी, म्हणजे ६०० स्लाइसना ३०० एमबी. लाइन मध्येच ६० सेकंद अडली की ऑर्थँक स्टडी (एका तपासणीच्या सगळ्या इमेज) पूर्ण झाली असं धरतं आणि ऑटो-फॉरवर्डची स्क्रिप्ट अर्धीच स्टडी पुढे पाठवते. कॉन्फिगमध्ये स्टेबल-एज (किती सेकंद नवी इमेज आली नाही की स्टडी पूर्ण धरायची) ३०० केलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली. पाच मिनिटं उशीर होतो, पण अर्ध्या छातीच्या रिपोर्टपेक्षा परवडला. तरीही स्लाइसची संख्या दोन्हीकडे ताडून घ्याच.