कापूस इकडे आणू नका : विनिपेगला येणाऱ्या खान्देशी पोरांसाठी

दरवर्षी जळगाव, धुळे, शिरपूर, चोपड्याकडची पोरं-पोरी इथे कॅनडात, विनिपेगला शिकायला येतात आणि बॅगेतून तेच निघतं : तीन जीन्स, डझनभर सुती बनियन, आईनं विणलेला स्वेटर आणि ‘उणे 20 पर्यंत चालतं’ असं वाचून ऑनलाइन मागवलेलं जॅकेट. स्वेटर ठेवा. बाकीच्याचं बोलू.

धुळ्यात पारा पाच-सहावर आला की पेपरात बातमी येते. इथे जानेवारीत रात्रीचं किमान तापमान सरासरी उणे 20 च्या आसपास असतं. त्यातही खरा वैरी वारा. उणे 20 ला ताशी 30 किलोमीटरचा वारा सुटला की अंगाला उणे 33 सारखं लागतं, आणि अशा हवेत उघडी कातडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते. म्हणून मोबाइलवर तापमानाआधी ‘विंड चिल’, म्हणजे वाऱ्यासकट अंगाला लागणारी थंडी, बघायची सवय लावून घ्या. शहरातल्या पोर्टेज आणि मेन रस्त्यांच्या चौकात एकदा उभे राहिलात की हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आता मुद्द्याचं. आपण कापसाच्या पट्ट्यातली माणसं, तरी सांगतो : अंगालगत कापूस नको. बनियन नको, सुती मोजे नकोत, थर्मलच्या आत टी-शर्ट तर अजिबात नको. कापूस घाम पितो आणि धरून बसतो. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं. बसमागे धावलात, पाठ भिजली, बस गेली. मग पुढची येईपर्यंत ते ओलं बनियन बर्फाच्या लादीसारखं पाठीला चिकटून राहणार. एका पोरानं मला ऐकवलं, “काका, आजीच्या गादीत कापूसच आहे ना, मग ती कशी गरम?” गादी गरम, कारण ती कोरडी असते आणि पिंजलेल्या कापसात हवा अडकलेली असते. ऊब त्या हवेची. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन थर बरे, तेही याचसाठी : दोन थरांमध्येही हवा अडकते. कपडे अंगाला करकचून बसले की ती जागाच राहत नाही.

तर सगळ्यात आत मेरिनो मेंढीची लोकर किंवा पॉलिएस्टरचं थर्मल. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओल पोटात घेते, तरी ऊब सोडत नाही. आपल्या बाजारात ‘थर्मल’ म्हणून मिळणारे बरेच कपडे सुती मिश्रणाचे असतात. खोक्यावरचा हसरा मॉडेल बघू नका, आतल्या शिवणीला लावलेली पट्टी उलटून वाचा. ‘कॉटन’ दिसलं की परत ठेवा. जीन्सही सुतीच, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मधे फ्लीस, म्हणजे लवदार सिंथेटिक कापडाचं जॅकेट, नाहीतर आईचा स्वेटर. वरून वारा अडवणारं, टोपीवालं, मांडीपर्यंत येणारं जॅकेट. पिसांचं जॅकेट विनिपेगच्या कोरड्या थंडीत उत्तम, पण भिजलं की पिसं बसतात आणि त्यात राम राहत नाही. टोरंटोला जाणाऱ्यांना पाऊस आणि ओला बर्फ जास्त, त्यांनी सिंथेटिक भरणाचा विचार करावा.

मंडळाच्या संक्रांतीला कुणीतरी महागडं जॅकेट मिरवत सांगेल, “एकदाच घ्यायचं, ब्रँडेडच घ्यायचं.” तो गॅरेजातून गाडीत बसतो, थांब्यावर उभा राहत नाही. तिळगूळ घ्या आणि जुन्या कपड्यांच्या दुकानात जा. व्हॅल्यू व्हिलेजमध्ये चांगली जॅकेटं मिळतात, फक्त चेन दोन-तीनदा वरखाली करून बघा. लाज कसली? इथली खाऊनपिऊन सुखी माणसंही तिथे दिसतात. याबाबतीत हे लोक आपल्यापेक्षा शहाणे. मात्र उणे पाचला हाफ पँटवर फिरणाऱ्यांची नक्कल करू नका.

बूट जरा मोठेच घ्या. आत बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबले की रक्त पुरत नाही आणि पाय आणखी गारठतात. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र ठेवणारे मिटन गरम. टोपी कानांवर ओढलेली हवी.

चालताना गरम वाटायला लागलं की घाम येण्याआधी चेन उघडा. बसमध्ये, वर्गात हीटर असतो, तिथे वरचे थर काढाच.

कान किंवा बोट पांढरं पडून बधिर झालं तर चोळू नका, हीटरवर धरू नका. आत या आणि कोमट पाण्यात धरा. तरी संवेदना परतली नाही तर डॉक्टरकडे जा.

जानेवारीत उतरणाऱ्यांनी जॅकेट, टोपी, मोजे हातातल्या बॅगेत ठेवावेत. मोठी बॅग मागे राहिली तर विमानतळाबाहेर पडायचे वांधे होतात. आणि बुटांचं आतलं अस्तर निघत असेल तर रोज रात्री काढून वाळत ठेवा, हीटरच्या जवळ, हीटरवर नाही.