सिनेमा पाहून स्टार देताय? या चुका टाळा

शुक्रवारी नवा सिनेमा लागला की रविवार दुपारपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निकाल जाहीर झालेला असतो. 'मस्त', 'बकवास', 'एकदा बघायला हरकत नाही', 'ओटीटीवर येईल तेव्हा बघा' आणि शेवटी कुणाचं तरी नुसतं '३.५'. पेपरातलं परीक्षण वाचून तिकीट काढणारे आता थोडेच उरलेत. चौघांच्या कुटुंबाने रविवारी जायचं की नाही, हे बऱ्याच घरांत अशा दोन ओळींवर ठरतं. म्हणजे तुमच्या मतावर कुणाचे तरी पैसे आणि सुट्टी लागलेली असते, आणि आपण ते मत मध्यंतरात समोशाच्या रांगेत उभं राहून टाइप करत असतो. त्यात ज्या चुका हमखास होतात, त्यातली सगळ्यात मोठी आधी घेतो. बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच पोटातल्या आहेत.

संध्याकाळचा राग सिनेमावर काढणं

कर्वे रस्त्यावर पाऊण तास गेला. पार्किंगला जागा नव्हती. आत शिरेपर्यंत सुरुवात हुकली, पॉपकॉर्नचा टब तिकिटाइतका महाग, मागच्या रांगेत एक काका फोनवर कुणाला तरी 'आत्ता थिएटरात आहे, बोल' म्हणत होते. घरी पोचताच ग्रुपवर मत पडतं: '२ स्टार, बोअर.' आता यातलं दिग्दर्शकाने काय केलं होतं?

उलटंही होतं. ऑफिसने तिकिटं काढलेली असतात, कॉलेजचे मित्र बऱ्याच वर्षांनी भेटलेले असतात, नंतर जेवणाचा बेत असतो. अशा दिवशी कुठलाही सिनेमा चारच्या खाली उतरत नाही.

उपाय सोपा आहे. दोन वेगळ्या ओळी लिहा, एक सिनेमाची आणि एक थिएटरची. थिएटरची ओळ कमी महत्त्वाची समजू नका. कुठल्या स्क्रीनचा आवाज घुमतो, कुठे पुढच्या तीन रांगांत मान मोडते, कुठल्या मॉलमध्ये रात्रीचा शो सुटल्यावर गाडी बाहेर काढायला अर्धा तास लागतो, ही माहिती पुणेकराला स्टारपेक्षा जास्त कामाची असते.

थिएटरातले काही दोष तर जागच्या जागी दुरुस्त होतात. आवाज बारीक आहे, चित्र धूसर आहे, पडद्यावरच्या माणसांची डोकी वरून कापली जातायत, अशा वेळी पहिल्या पाच मिनिटांतच उठा आणि दारावरच्या माणसाला सांगा. तो फोन करतो आणि बहुतेक वेळा काम होतं. आपल्याकडे दीडशे माणसं खुर्चीत कुजबुजत राहतात आणि उठत कुणीच नाही, मग तीन तासांनी 'फोटोग्राफी डल आहे' असं मत बाहेर येतं. थ्रीडीला चित्र थोडं अंधारं दिसणारच, कारण चष्म्यात बराच प्रकाश अडतो. 'रात्रीचे सीन दिसतच नाहीत' ही तक्रार थ्रीडीची असेल तर तसं लिहा, म्हणजे दुसरा माणूस टूडीचं तिकीट काढेल.

मध्यंतराचंही तेच. हिंदी-मराठी सिनेमा लिहितानाच मध्यंतर कुठे येणार हे धरलेलं असतं. इंग्रजी सिनेमात ते बहुधा नसतं, आपलं थिएटर मध्येच कुठेतरी दिवे लावतं. भर पाठलागात दिवे लागले म्हणून 'फर्स्ट हाफ अर्धवट वाटला' हे दिग्दर्शकाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

घरी पाहिला, पण नक्की काय पाहिला?

ओटीटीवर पाहिलेल्या सिनेमांची मतं मला जास्त संशयास्पद वाटतात. कारण तिथे थिएटर आपलंच असतं आणि त्यातले दोष आपल्याला दिसत नाहीत.

पहिली तक्रार ठरलेली: 'डायलॉग ऐकूच येत नाहीत, आणि मारामारी सुरू झाली की शेजारी उठतात.' हा बहुधा सिनेमाचा दोष नसतो. सिनेमाचा आवाज अनेक स्पीकरसाठी बांधलेला असतो आणि संवाद मुख्यतः मधल्या, पडद्यामागच्या स्पीकरमधून येतात. टीव्हीचे दोन छोटे स्पीकर हे सगळं एकत्र कोंबतात आणि संवाद दबतात. अॅपमध्ये आवाजाच्या पर्यायांत ५.१ (म्हणजे अनेक स्पीकरसाठीचा आवाज) निवडलेलं असेल आणि तिथे साधा स्टिरिओही (दोन स्पीकरचा) दिसत असेल, तर तो घेऊन पाहा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये बोलणं स्पष्ट करणारा मोड असेल तर तोही लावा.

दुसरी तक्रार जरा गमतीची असते: 'एवढा पैसा खर्च केला, पण दिसतो सिरियलसारखा.' सिनेमा बहुधा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रित होतो. नवे टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या चौकटी बनवून घालतात, त्यामुळे हालचाल गुळगुळीत होते आणि सिनेमाची सगळी मजा जाते. सॅमसंगवर याला ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी म्हणतात, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो. ते बंद करा. टीव्हीत फिल्ममेकर मोड असेल तर तो लावला की हे आपोआप बंद होतं. क्रिकेट पाहताना हवं तर पुन्हा चालू करा.

आणि तिसरी, सगळ्यात अन्यायाची. गेल्या काही वर्षांत पुण्यात घरोघरी मल्याळम सिनेमे पाहिले जातात. चांगलंच आहे. पण अॅप आधीच हिंदी आवाज लावून देतं, आपण तसंच पाहतो, आणि मग 'अभिनय कृत्रिम वाटला' असं बिनदिक्कत लिहितो. ज्या नटाचा आवाजच ऐकला नाही, त्याच्या अभिनयाचे निम्मे मार्क कशावर कापले? सिनेमा सुरू केल्यावर ऑडिओचा पर्याय उघडून मूळ भाषा आणि खाली सबटायटल्स लावायला दहा सेकंद लागतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना सबटायटल्स वाचायला त्रास होतो, हे मान्य. मग डब जरूर पाहा, फक्त मत देताना 'हिंदी डब पाहिला' हे तीन शब्द जोडा.

मेथी निवडत, कपड्यांच्या घड्या घालत, गाणी पुढे ढकलत किंवा मोबाइलवर दीडपट वेगाने पाहिलेल्या सिनेमालाही हाच नियम. तसं पाहायला कुणाचीच हरकत नाही. पण मग 'कथा तुटक वाटली' हे वाक्य लिहायचा हक्क जातो.

नुसता आकडा टाकणं

'३.५' म्हणजे काय? मिसळीला कुणी साडेतीन दिले तर ती तिखट होती की गोडूस हे त्यातून कळत नाही, आणि खाणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. शिवाय साडेतीन हा आपल्याकडे पळवाटेचा आकडा झालाय. आवडला म्हटलं तर वाद, नाही आवडला म्हटलं तर वाद, म्हणून साडेतीन.

यातून सुटायला एक युक्ती चांगली चालते. तुम्ही पाहिलेले पाच सिनेमे ठरवा, एका स्टारला एक. तुमच्या मते सरळ एकचा कुठला, ठीकठाक तीनचा कुठला, पाचचा कुठला. नवा सिनेमा पाहिला की त्याला या पाचांच्या रांगेत उभा करा. 'तीनवाल्यापेक्षा बरा, चारवाल्याच्या जवळपासही नाही' असं मनात आलं की आकडा आपोआप पडतो. पाचपैकी देताय की दहापैकी, तेही लिहा. आमच्या ग्रुपवर कुणीतरी '५' लिहिलं, निम्म्यांनी तिकिटं काढली, आणि ते दहापैकी होते.

आकड्याच्या मागे एक वाक्य हवंच, आणि ते वाक्य उसनं नको. डोंगर, धबधबे आणि ड्रोनचे शॉट दिसले की 'सिनेमॅटोग्राफी अप्रतिम', आणि मधेच जांभई आली की 'स्क्रीनप्ले स्लो'. या शहरात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि १९६४ साली फिल्म अर्काइव्ह सुरू झालं, तेव्हा असे शब्द इथल्या हवेतच आहेत. पण ते काढून टाकून नुसतं जे पाहिलं ते लिहून बघा: 'बहीण घर सोडून जाते तोपर्यंत खुर्ची सोडवत नाही, त्यानंतर तासभर सगळे नुसते फोनवर बोलतात.' वाचणाऱ्याला यातून कळतं की हा सिनेमा त्याला झेपेल की नाही.

लगेच मत देणं

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलंय की कुठलाही अनुभव आपण त्याच्या सगळ्यात तीव्र क्षणावरून आणि शेवटावरून आठवतो, मधला काळ फारसा मोजत नाही. सिनेमात हे उघड दिसतं. दोन तास चुळबुळ केलेली असते, पण शेवटची पंधरा मिनिटं डोळ्यांत पाणी आणतात आणि जिना उतरताना आपण 'साडेचार' म्हणतो. उत्तम सिनेमाचा शेवट फसला की उलटा हिशेब. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी लिहा. तोपर्यंत जे डोक्यात उरलं, तेवढंच खरं मोजायचं. मध्यंतरात लिहिलेलं मत तर धरूच नका.

दुसऱ्यांचे आकडे चुकीचे वाचणं

समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवरचे ९० टक्के म्हणजे दहापैकी नऊ नव्हे. शंभरातल्या नव्वद समीक्षकांनी सिनेमा बरा म्हटला, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येकाने 'ठीक आहे' म्हटलेल्या सिनेमालाही १०० टक्के मिळू शकतात. ६० टक्क्यांपासून तिथे टोमॅटो लाल होतो. प्रेक्षकांचा वेगळा आकडा असतो, त्यात पाचपैकी साडेतीन किंवा जास्त देणाऱ्यांचं प्रमाण मोजतात. आयएमडीबी या सिनेमांच्या वेबसाइटवरचा आकडा साधी सरासरी नसून वजन देऊन काढलेला असतो, आणि हे गणित पूर्ण उघड केलेलं नाही. तिथे आकड्यापेक्षा मतांची विभागणी पाहा. दहावाल्यांचा एक मनोरा, एकवाल्यांचा दुसरा आणि मध्ये मोकळं मैदान दिसलं, तर ती चाहत्यांची मारामारी आहे, तुम्ही त्यात पडू नका.

पहिल्या दिवसाचे आकडे तर बहुतेकदा फुगलेले असतात, कारण शुक्रवारी सकाळी जाणारा माणूस त्या हिरोवर आधीच खूश असतो. सोमवारनंतर पाहा. नेटफ्लिक्सवर 'मॅच'चा टक्का दिसला तर तो दर्जा नव्हे, तुम्हाला सिनेमा आवडेल का याचा अंदाज असतो. 'शंभर कोटी कमावले' हेही मत नव्हे.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचा गोंधळ मात्र पालकांना महागात पडतो. आता यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे वेगळे गट आहेत. ते वयासाठी आहेत, सिनेमा चांगला की वाईट याच्याशी त्यांचा संबंध नाही. मुलांना घेऊन गेला असाल तर 'मारामारीत रक्त बरंच आहे, आठ वर्षांचा घाबरला' हे जरूर लिहा.

मराठी सिनेमाला दयेचे मार्क

'आपला सिनेमा आहे, जगवायला हवा' म्हणून अडीचच्या सिनेमाला चार देणारे पुण्यात गल्लोगल्ली भेटतात. हेतू चांगला असतो, परिणाम वाईट. त्या चारावर विसंबून गेलेला माणूस हिरमुसून परततो आणि पुढचा खरोखर चांगला मराठी सिनेमा ओटीटीसाठी ठेवतो. दुसरा गट याच्या उलट: ट्रेलरही न पाहता 'मराठीत काय असणार' म्हणून मोकळा होतो. दोघांनीही सिनेमा पाहिलेला नसतो, एकाने डोळे मिटून, दुसऱ्याने घरी बसून.

मदत करायचीच असेल तर वेळेवर करा. अप्पा बळवंत चौकाजवळच्या प्रभात थिएटरला मराठी सिनेमा ठाण मांडून बसायचा तो काळ गेला. आता बहुतेक मराठी सिनेमांना पहिल्याच आठवड्यात अडनिड्या वेळेचे शो मिळतात आणि गर्दी दिसली नाही की तेही कमी होतात. आवडला असेल तर शनिवारीच लिहा, आणि सोबत शो कुठे, किती वाजता हे लिहा. 'कोथरूडला दुपारी साडेबाराचा आहे, ज्येष्ठांना सोयीचा' ही ओळ चार स्टारांपेक्षा जास्त तिकिटं विकते.

पिफच्या (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) पासवर पाहिलेल्या सिनेमांचं दुखणं वेगळं. जानेवारीत रांगेत उभं राहून पाहिलेला प्रत्येक इराणी सिनेमा थोर नसतो. कंटाळा आला असेल तर तसं लिहायला हरकत नाही. 'कळला नाही' आणि 'वाईट आहे' या मात्र दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

शेवट फोडणं

'काही सांगत नाही, पण जावयावर लक्ष ठेवा.' झालं, उरलं काय? 'जबरदस्त ट्विस्ट आहे' हेही सांगू नका, माणूस पहिल्या सीनपासून तोच शोधत बसतो.

मग लिहायचं काय? 'मस्त मूव्ही, ४ स्टार, नक्की बघा' याच्या जागी हे बघा: 'मूळ मल्याळम, घरी सबटायटल्ससह पाहिला. ५ पैकी ४. सुरुवात संथ, अर्ध्या तासानंतर पकड घेतो. आईचं काम करणारी नटी सगळ्यांना खाऊन टाकते. गाणी नाहीत. आजीला आवडला, मुलं उठून गेली.' एवढं टाइप करायला दोन मिनिटं लागतात.

आणि महिन्याभराने मत बदललं तर आयएमडीबी असो की पाहिलेल्या सिनेमांची नोंद ठेवायचं लेटरबॉक्स्ड, आधीचे स्टार बदलता येतात. ग्रुपवर मात्र जुना मेसेज शोधून काढणारं कुणीतरी असतंच, तेव्हा तिथे सरळ 'पुन्हा पाहिला, आता तीन' असं लिहून टाका.