टूरिंग कार रेसिंग: ‘गाडी वळत नाही’ म्हणण्याआधी या चुका टाळा

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर सराव संपला की नवी पोरं पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, येतात आणि हेल्मेट काढायच्या आधीच ओरडतात, “गाडी वळत नाहीये, अंडरस्टिअर आहे!” म्हणजे स्टिअरिंग फिरवलं तरी गाडीचं नाक सरळच जातं. मग मेकॅनिकच्या मागे लकडा. सस्पेन्शन बदल, टो (चाकांचा आत-बाहेरचा कोन) बदल, काहीतरी कर. माझा पहिला अख्खा हंगाम यातच गेला. एका दुपारी आमच्या मेकॅनिक अण्णांनी मला डाव्या पुढच्या टायरपाशी बसवलं आणि हात फिरवायला सांगितलं. बाहेरची कड खरवडून निघाली होती, रबराचे गरम दाणे बोटांना चिकटत होते. आतली बाजू मात्र जवळजवळ नवी. “स्टिअरिंग किती फिरवतोस?” एवढंच त्यांनी विचारलं.

टूरिंग कार म्हणजे रस्त्यावर चालवायला विकली जाणारीच गाडी, शर्यतीसाठी तयार केलेली. आपल्याकडे पोलोसारख्या गाड्या पळतात आणि त्यांची पुढची चाकंच ओढतात, वळवतात, ब्रेकचा बहुतेक भारही तीच घेतात. टायरची पकड ठरावीकच असते. ब्रेकमध्ये ती संपवली तर वळायला उरत नाही. पुढचा भाग घसरायला लागला की आपण घाबरून स्टिअरिंग आणखी फिरवतो. एका मर्यादेनंतर टायर वळत नाही, नुसता घासतो आणि तापतो. चार-पाच लॅपमध्ये (ट्रॅकच्या चकरांत) त्याची पकड गेली की उरलेली शर्यत फक्त आरशात बघत काढायची.

दोष गाडीचा की आपला, हे ओळखायला सोपी युक्ती आहे. दोन लॅप मुद्दाम वळणात थोडं हळू शिरा. ब्रेक थोडा आधी लावा आणि एकदम सोडू नका, हळूहळू सोडा, म्हणजे वजन पुढच्या चाकांवर टिकतं. एवढ्यानं गाडी वळली तर सेटअपला (सस्पेन्शन, टो वगैरेंच्या मापांना) हात लावू नका. तरीही प्रत्येक वळणात तेच होत असेल, तर मेकॅनिकला बोलवा.

बोलावल्यावर पहिली गोष्ट हवेचा दाब. सकाळी गार टायरमध्ये भरलेली हवा चेन्नईच्या दुपारी तशीच राहणार नाही. टायर साधारण साडेपाच-सहा अंशांनी तापला की दाब एक पीएसआयच्या आसपास वाढतो. म्हणून पिटमध्ये आल्या आल्या, टायर गरम असतानाच मोजा आणि वहीत लिहा. तारीख, वेळ, ट्रॅक किती तापला होता, सगळं. माझी वही तेलानं काळी पडली आहे, पण तिच्याइतकी कामाची वस्तू माझ्या किटबॅगेत दुसरी नाही.

पहिल्या लॅपला उलटाच धोका. पुढची चाकं लवकर तापतात, मागची गारच राहतात. वळणाच्या मध्यावर धास्तावून पाय एकदम थ्रॉटलवरून (ॲक्सिलरेटरवरून) उचलला की वजन पुढे येतं, मागचा भाग हलका होतो आणि गाडी गर्रकन फिरते. मागचा भाग सुटतोय असं वाटलं तर स्टिअरिंग सरळ करत थोडा थ्रॉटल द्या. पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. मनाला हे पटत नाही, म्हणून मोकळ्या ट्रॅकवर सराव करून पायाला सवय लावावी लागते.

आणखी एक चूक डोक्यातली आहे, आणि मला तिचा सगळ्यात जास्त राग येतो: ‘फॉर्म्युला गाडीत (उघड्या चाकांच्या, एका सीटच्या शर्यतीच्या गाडीत) जमलं नाही, म्हणून टूरिंग कार.’ इटलीचा गॅब्रिएले टार्क्विनी बघा. फॉर्म्युला वनच्या 78 शर्यतींसाठी त्याचं नाव होतं, सुरुवात मिळाली 38 मध्ये, आणि हाती गुण आला एकच. तोच 1994 मध्ये अल्फा रोमिओ 155 घेऊन ब्रिटिश टूरिंग कारचा विजेता झाला. 2009 मध्ये, 47 व्या वर्षी, सीॲटमधून टूरिंग कारचं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि 2018 मध्ये, 56 व्या वर्षी, ह्युंदाईतून डब्ल्यूटीसीआर ही टूरिंग कारची जागतिक मालिका जिंकली. गाड्या एकमेकींना घासत असताना टायर जपणं, आपली गाडी शाबूत ठेवणं, ही वेगळी विद्या आहे आणि ती मुरायला वर्षं लागतात.

शेवटी पैसा. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेऱ्या प्रामुख्याने चेन्नई आणि कोइम्बतूरला, म्हणजे पुण्या-कोल्हापूरच्या मुलाला प्रवास आणि मुक्काम आलाच. घरचे कसेबसे एका हंगामाची फी जमवतात आणि टायर, सराव, मोडतोड यांचा हिशोबच कोणी करत नाही. पहिल्याच फेरीत बंपर आणि रेडिएटर गेला की दुसऱ्या फेरीला मुलगा घरी बसतो. सहा फेऱ्यांचे पैसे असतील तर चारच धावा आणि उरलेले सरावाला व दुरुस्तीला बाजूला ठेवा. त्याआधी कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर एक वर्ष घालवता आलं तर जरूर घालवा. तिथे चूक झाली तर खर्च आटोक्यात राहतो, आणि शेजारून गाडी घुसत असताना जागा कधी सोडायची हे तिथेच अंगवळणी पडतं.