नेपोलियनच्या काळातले छोटे मिनिएचर सैनिक रंगवताय? कोट नंतर, आधी पट्टे मोजा

कोटाचा निळा नेमका कुठला यावर लोक तासनतास भांडतात आणि मग पाठीवरची बॅग, पट्टे, पाण्याची बाटली सगळं एकाच ब्राऊनमध्ये उरकून टाकतात. अरे, सैनिक कुठला, कुठल्या कंपनीतला हे अर्ध्याहून जास्त त्याच्या सामानावरूनच कळतं.

तर ब्रश भिजवायच्या आधी मिनिएचर उलटसुलट करून छातीवरचे पट्टे मोजा. फ्रेंच लाइन इन्फंट्रीचा (नेहमीच्या पायदळाचा) फ्युजिलियर, म्हणजे साधा शिपाई असेल तर बहुतेक एकच पट्टा, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे, काडतुसांची पेटी आणि बेयोनेटचं म्यान दोन्ही त्यालाच. दोन पट्ट्यांची फुली आणि डावीकडे पितळी मुठीची आखूड तलवार दिसली की तो ग्रेनेडियर (निवडक कंपनीतला शिपाई), नाहीतर कॉर्पोरल, सार्जंट किंवा ड्रमर. व्होल्टिजरकडून (पुढे जाऊन चकमकी करणाऱ्या कंपनीच्या शिपायांकडून) ही तलवार १८०७ मध्ये काढून घ्यायचं ठरलं, पण बऱ्याच जणांनी ती सोडली नाही म्हणून तिथे फार डोकं लावू नका. १८०८ नंतर फ्युजिलियरच्या चार कंपन्यांचे पॉमपॉम (टोपीवरचे गोंडे) अनुक्रमे गडद हिरवा, आकाशी, नारिंगी आणि जांभळा असे होते. म्हणजे दोन पट्टे, तलवार आणि लाल पिसं कोरलेल्या माणसाला, म्हणजे ग्रेनेडियरला, फ्युजिलियरचा आकाशी पॉमपॉम दिला की जाणकार लगेच बोट ठेवणार.

ब्रिटिशांचं वेगळं. तिथे लाइनच्या साध्या शिपायालाही दोन पट्टे, एक पेटीचा, एक बेयोनेटचा, मध्ये बिल्ला. (वॉटर्लूचा वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईला शिंद्यांच्या फौजेशी लढलेला वेलस्लीच, त्यामुळे आपल्याकडे बरेच जण सुरुवात लाल कोटवाल्यांपासून करतात, ठीकच आहे.) फक्त ९५वी रायफल्स ही ब्रिटिश रायफलवाल्यांची पलटण घेतली असेल तर पट्टे काळे, कोट गडद हिरवा, पांढरा पट्टा तिथे चुकूनही नको.

आता पांढरा. बाकीच्यांचे पट्टे म्हैस-बैलाच्या जाड कातड्याचे, वरून पाइपक्ले नावाची पांढरी माती चोपडलेली, म्हणून बाटलीतला शुद्ध पांढरा थेट लावला की खडूने रेघ मारल्यासारखं दिसतं. आधी फिकट राखाडी किंवा बफ (फिकट पिवळसर ब्राऊन), त्यावर ऑफव्हाईट, आणि अगदी पांढरा फक्त वरच्या कडेला, खांद्यावर वळतो तिथे. पट्टा आणि कोट यांच्या मध्ये पातळ केलेल्या गडद चॉकलेटी रंगाची एक बारीक रेघ सोडा, २८ एमएमच्या मिनिएचरवर सगळा फरक त्या रेघेने पडतो. त्यासाठी ०००चा ब्रश लागत नाही, टोक चांगलं असलेला ० किंवा १ नंबर पुरतो, उलट ०००वर रंग पोचायच्या आधीच सुकतो.

पाठीवरची बॅग हा माझा सगळ्यात आवडता भाग. ब्रिटिश बॅग काळ्या रंगवलेल्या कॅनव्हासची, आत लाकडी पाट्या म्हणून चौकोनी, वर राखाडी ओव्हरकोट किंवा ब्लँकेट गुंडाळलेलं. नुसता काळा लावला की आकार मरतो, तेव्हा कडांना गडद राखाडी द्या. फ्रेंच बॅग मात्र केसांसकट गुराच्या कातड्याची. मधला ब्राऊन बेस, त्यावर फिकट ब्राऊनच्या छोट्या छोट्या रेघा, सगळ्या केस पडतात त्या दिशेने, वरून खाली. एकाच गोठ्यातल्या दोन गायी सारख्या दिसतात का? मग पलटणीत एक बॅग लालसर, एक जवळपास काळी, एखादीवर पांढरा पट्टा, असं करा. ऑफिसमधून येऊन रात्री रंगवणाऱ्यांनी ब्राऊन शेड ट्यूबलाइटखाली ठरवू नयेत, रविवारी सकाळी बाल्कनीत बघा, सगळे एकाच रंगाचे झालेत हे तेव्हाच कळतं.

पाण्याची बाटली ब्रिटिश असेल तर लाकडी, पण लाकडाच्या रंगाची नाही, फिकट निळसर रंगवलेली, पट्टा ब्राऊन चामड्याचा. तिच्याच बाजूला डाव्या कमरेला जेवणाची झोळी, ती मळकट पांढरी. फ्रेंचांना सरकारी ठरावीक बाटली नव्हती, भोपळा, काचेची बाटली, जे मिळेल ते, त्यामुळे मनाला येईल तसं करा, कुणी काही म्हणणार नाही.

बंदुकीत घोळ होतो तो धातूचा. ब्रिटिशांच्या 'ब्राऊन बेस' (Brown Bess) नावाच्या बंदुकीची नळी चकचकीत पोलादी आणि बाकीची फिटिंग पितळी. फ्रेंच लाइनच्या बंदुकीला नळीभोवती लोखंडी कड्या, म्हणजे त्याही चंदेरी, पितळी कड्या इम्पिरियल गार्डच्या, म्हणजे नेपोलियनच्या खास फौजेच्या. चंदेरीखाली काळ्या रंगाचा आणि पितळेखाली ब्राऊन रंगाचा थर आधी द्या, कॅमलिनचा साधा अॅक्रिलिक चालतो, मेटॅलिक मात्र जरा चांगल्या कंपनीचा घ्या कारण स्वस्तातल्यात चमकीचे दाणे दिसतात.

शेवटी वार्निश. ठाण्यात जून ते सप्टेंबर मॅट स्प्रेचा कॅन उघडूच नका, घोडबंदरला खाडीच्या बाजूला राहत असाल तर अजिबातच नाही, हवेतल्या दमटपणाने वर पांढरी धुरकट साय धरते आणि काळ्या पेटीवर ती सगळ्यात आधी दिसते. पावसाळ्यात ब्रशने लावायचं मॅट घ्या, पातळ दोन हात, मध्ये रात्रभर सुकू द्या, आणि मग फक्त काडतुसांच्या पेटीवर आणि बुटांवर थोडं सॅटिन (किंचित चमक देणारं) वार्निश फिरवा.